आकडा चढला

अक्रोडाच्या हंगामात आमच्या तिमलीत गावात कुणाचे हात स्वच्छ नसतात. हिरव्या सालीचा रस एकदा कातडीत मुरला की महिना-दीड महिना निघत नाही, मग लग्न असो की मयत, काळे हात घेऊनच जायचं. इत्तो त्या दिवशी ओढ्याकडेच्या चार झाडांखाली बसून साली सोलत होती. झाडं तिच्या नवऱ्याची, बास्सूची होती, पण झोडपायला परका माणूस लावावा लागला होता. तीस वर्षं अख्ख्या खोऱ्यातली झाडं ज्यानं झोडपली तो बास्सू खाली दगडावर उन्हाला पाठ देऊन बसला होता आणि वरच्याला तिथून शिकवत होता.

"टोकाला काय मारतोस? देठाला मार. फांदी मोडशील."

"बास्सूकाका, तू बोलू नकोस. दम लागेल तुला."

दम लागायचाच. दोन वर्षांपूर्वी बास्सूची दोन्ही मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी हम्मादीच्या गाडीत बसून बाजारगावच्या दवाखान्यात जायचं, चार तास यंत्राला लावून घ्यायचं, रक्त धुऊन यायचं. त्याला पैसे पडत नसत. सरकारनं घराघराची नोंद केली होती आणि प्रत्येक घराला एक आकडा दिला होता. आकडा ठरलेल्या रेषेच्या खाली असला की घर गरीब, आणि गरीब घराचं दवाखान्याचं कार्ड चालायचं. बास्सूचं घर रेषेच्या खाली होतं. किती खाली ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायची छातीही नव्हती.

हम्मादी वरून उतरताना दिसला. गाडी तोच चालवायचा, फोनचा रिचार्जही तोच विकायचा, आणि गावातल्या निम्म्या लोकांचे कागदही तोच वाचून दाखवायचा. त्याच्या हातात इत्तोचा फोन होता.

हा फोन तिच्या छपरावर, खांबाच्या खिळ्याला टांगलेला असायचा. समोरच्या कड्यामुळं तिमलीतमध्ये कुठंच रेंज येत नाही, फक्त इत्तोच्या छपराच्या त्या कोपऱ्यात येते. म्हणून तो फोन नावाला इत्तोचा आणि वापराला गावाचा होता. अगादीरला, मराकेशला, स्पेनला गेलेल्या पोरांकडं तोच एक नंबर होता. पोरं तिकडून त्यावर रिचार्ज टाकायची आणि त्यांच्या आया छपरावर बसून बोलायच्या. माझी आईही त्यातलीच. गावाची भाकरीची भट्टी जशी कुणाच्या तरी अंगणात असते तसा हा फोन होता, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

"इत्तो, हा निरोप कधी आला?"

"मला काय विचारतोस? मला वाचता येतं का?"

"वाचू?"

"तुला कधीपासून परवानगी लागायला लागली?"

हम्मादीनं वाचलं. घराचा आकडा रेषेच्या वर गेला आहे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून कार्ड बंद. तक्रार असेल तर कचेरीत यावं.

झाडावरची काठी थांबली. बास्सू हसायला गेला. "आकडा चढला? दोन वर्षांत मी एक झाड चढलो नाही, आणि तो चढला?"

एक तारखेला आठ दिवस होते. इत्तोनं हातातला अक्रोड टोपलीत टाकला, दुसरा उचलला, आणि मग तिच्या लक्षात आलं की तो तिनं सोललाच नाही.

घरी आल्यावर तिनं स्वतःच्याच घराकडं परक्याच्या डोळ्यांनी पाहिलं. यात त्यांना काय दिसलं असेल? गावात तऱ्हेतऱ्हेच्या गोष्टी उठत. कुणी म्हणायचं, छपरावर टीव्हीची तबकडी असली की आकडा चढतो. कुणी म्हणायचं, मोटारसायकल. कुणी म्हणायचं, विजेचं बिल. खरं काय ते एकालाही माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळं सगळ्याच गोष्टींची भीती वाटायची. इत्तोनं रेडिओ गोणपाटात गुंडाळून गोठ्यात ठेवला. पावसाळ्याआधी छपरावर घातलेली निळी ताडपत्री काढली. मग तिची नजर फळीवर गेली.

फळीवर घट्ट साखरेचे वीतभर उंच असे तेरा सुळके होते, निळ्या कागदात बांधलेले. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत, साखरेचा सुळका नेतात. बास्सू दोन वर्षं आजारी, म्हणजे सुळके साठणारच. पण शहरातल्या माणसाला ते आजारपण दिसणार की श्रीमंती? एकेक सुळका उतरवून तिनं कडब्याखाली पुरला.

"आता काय चोऱ्या करायच्या का आपण?" बास्सू अंथरुणावरून म्हणाला.

"तू झोप."

"आपलीच साखर, आणि आपणच लपवायची."

"झोप म्हटलं ना."

दोनच दिवसांनी मुकादमाच्या मोटारसायकलचा आवाज वळणावर ऐकू आला. मुकादम ऊहद्दू सरकारचा माणूस. कुणाच्या घरी पाहुणा आला, कुणी खोली वाढवली, कुणाची सून रुसून गेली, सगळं त्याला कळायचं आणि तो ते वर कळवायचा. इत्तोला खात्री होती की हे त्याचंच काम आहे. ती घाबरली होती, पण रागानं तिला बळ आलं होतं. तिनं चहा ठेवला. साखर कडब्याखाली असल्यामुळं डब्यातली उरलीसुरली घातली.

ऊहद्दूनं एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"इत्तो, चहात साखर नाही."

"संपलीय."

"आजाऱ्याच्या घरात साखर संपली? परवा मीच एक सुळका आणला होता." त्यानं फळीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. इत्तोला जमीन दुभंगावी असं वाटलं. पाहुण्याला फिका चहा देण्याची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती.

"तूच लिहिलंस ना आमच्याबद्दल?" ती म्हणाली.

"मी?"

"मग कुणी? कोंबडी हवी होती तर मागायची. कार्डावर कशाला उठलास?"

ऊहद्दू चिडला नाही, आणि याचीच तिला जास्त भीती वाटली. त्यानं मांडीवरची टोपी उचलून झटकली. "पूर्वी मला विचारायचे. अमका गरीब आहे का? मी सांगायचो, आहे. कोंबडी घेऊन सांगायचो, खोटं कशाला बोलू. पण सांगायचो. आता मला कुणी विचारत नाही, इत्तो. आता ते आपलं आपणच बघतं."

"ते म्हणजे कोण?"

"ते मलाही कळलेलं नाही." त्यानं फिका चहा पूर्ण प्यायला, कारण टाकून उठणं अपमानाचं झालं असतं. "उद्या-परवा कचेरीत जा. उशीर करू नकोस."

कचेरी बाजारगावात, दुसऱ्या मजल्यावर. इत्तो सकाळपासून रांगेत होती. खिडकीमागे चष्मा लावलेली एक पोरगी होती. तिनं काचेच्या छोट्या यंत्रावर बोट ठेवायला सांगितलं. यंत्र लाल झालं. दुसरं बोट. लाल.

"मावशी, हात धुऊन या ना."

"धुतलेत. अक्रोडाचा रस आहे हा, जात नाही."

मागचा एक माणूस म्हणाला, "पाय ठेव बाई, पाय गोरे असतील." रांग हसली. पोरीनं ड्रॉवरमधून लिंबाची फोड काढली, जेवणातली असावी, आणि इत्तोचा अंगठा स्वतःच्या हातानं घासला. लेकरासारखा आपला अंगठा चोळून घेत इत्तो सगळ्यांसमोर उभी राहिली. सातव्या वेळी यंत्र हिरवं झालं.

पोरीनं बराच वेळ पडद्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून हळू आवाजात म्हणाली, "हे मी सांगायचं नसतं. फोन आहे."

"फोन?"

"तुमच्या नंबरवर महिन्याला जेवढा रिचार्ज पडतो तेवढा माझ्या अख्ख्या घरात पडत नाही. परदेशातूनसुद्धा पडतो. एवढा रिचार्ज करणारं घर गरीब नाही, असं धरलं जातं."

इत्तोला आधी हायसं वाटलं. एवढंच ना. "अगं पोरी, तो आमचा नाहीच. गावातल्या अकरा घरांची पोरं टाकतात. त्यांच्या आया बोलतात. मला कोण आहे परदेशात? मला पोरबाळच नाही. हे लिही तिथं, अकरा घरं म्हणून."

"लिहायला जागा नाही, मावशी."

"बाजूला लिही."

"बाजू नसते याला." पोरीनं पडदा किंचित वळवला. चौकोनच चौकोन होते, सगळे भरलेले. "नंबर एका घराचा असतो. रिचार्ज बंद करा. सहा महिन्यांनी आकडा परत निघेल, तेव्हा उतरेल."

"सहा महिने." इत्तोनं खिडकीची कड धरली. "त्याचा एक गुरुवार चुकला तर पायात पाणी भरतं. दोन चुकले तर छातीत. तू सहा महिने म्हणतेस."

पोरगी पडदा खालीवर करत राहिली. मग तिनं विचारलं, "या घरात इत्तो म्हणून चुलतबहीण लिहिलीय, ती कोण?"

"मी."

ते लिहिणं ऊहद्दूचं. इत्तो आणि बास्सूचं लग्न आमच्याकडच्या रीतीनं झालं होतं. फातिहाची दुआ म्हटली, मेंढा कापला, गावानं जेवून साक्ष दिली, झालं लग्न. कोर्टाचा कागद कुणी करत नसे. पोरं झाली की त्यांच्या शाळेसाठी करावा लागायचा, यांना पोर झालं नाही म्हणून तोही राहिला. पहिल्या नोंदीच्या वेळी कागदावाचून बायको लिहिता येईना. ऊहद्दूनं डोकं खाजवलं आणि चुलतबहीण लिहिलं. खोटं नव्हतं, आमच्याकडं चुलतभावंडांत लग्नं होतात आणि ती चुलतबहीणही होतीच.

पोरगी पडद्याकडंच बघत म्हणाली, "चुलतबहिणीनं भावाच्याच घरात राहायला पाहिजे असं काही नाही. नंबर तुमच्या नावावर आहे. आजारी माणूस दुसऱ्या कुणाच्या चुलीवर जेवत असेल, तर त्याची नोंद त्या घरात होते. त्या घराचा आकडा त्याला लागतो." मग तिनं मोठ्यानं हाक दिली, "पुढचे या."

एक तारीख आली आणि कार्ड बंद झालं. पहिला सोमवार चुकला. बास्सूचे घोटे सुजले, मग पोटऱ्या. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. त्याला दिवसाला चहाचे चार पेले पाणी, त्यावर नाही. तो पेला तोंडाशी धरून नुसताच बसायचा. त्याच्या डाव्या हाताच्या नसेला डॉक्टरांनी यंत्रासाठी जोड दिला होता, तिथं हात लावला की आतल्या रक्ताची घरघर जाणवायची. इत्तो दिवसातून दहा वेळा त्या जागेला कान लावायची. घरघर ऐकू आली की ती पुढच्या कामाला उठायची.

गुरुवारी तिनं गाय विकली आणि खाजगी दवाखान्यात एकदा रक्त धुऊन आणलं. पुढच्या सोमवारी त्याच कामी सोललेले अक्रोड विकले गेले. तिसरं काही विकायला नव्हतं.

रकूश आजीचं घर तीस पावलांवर. म्हातारी ऐंशीची, एकटी, एक बकरी, एक कोंबडा. मुलगा स्पेनमध्ये टोमॅटोच्या शेडमध्ये कामाला, पण तो विनाकागदाचा गेलेला, म्हणून नोंदीत नव्हताच. फोन नाही, वीज नाही. तिचा आकडा गावात सगळ्यात खाली असणार याबद्दल दुमत नव्हतं. इत्तो तिच्या दारात जाऊन बसली आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना तिला रडू आलं, ते तिनं थांबवलं नाही.

रकूश जातं फिरवत होती. तिनं हात थांबवला नाही. "म्हणजे तू फोन बंद करणार."

"करावाच लागेल, आजी. रिचार्ज पडत राहिला तर पुन्हा आमच्या घराची चौकशी होईल, आणि मग सगळंच निघेल."

"माझा पोरगा शुक्रवारी फोन करतो."

"माहीत आहे."

"चार वर्षांत एक शुक्रवार चुकवला नाही त्यानं."

जातं दोन-चार फेरे फिरलं. मग म्हातारी म्हणाली, "पोराचा आवाज घेऊन चाललीस, तर नवरा तरी आणून ठेव. घरात पुरुष खोकतोय एवढं तरी ऐकू येईल." आणि थोड्या वेळानं, "घोरतो का गं?"

"घोरतो."

"मग कानात लोकर घालीन."

फोन बंद झाला. पहिल्या शुक्रवारी बाया छपरावर चढल्या तर खिळा रिकामा. माझी आई घरी येऊन म्हणाली, इत्तो मोठी झाली आता, आपण नकोसे झालो. विहिरीवर तिला कुणी जागा देईना. एकीनं तिच्या घागरीला पाय लावून ती बाजूला सारली. इत्तो कुणाला खरं सांगू शकत नव्हती. अकरा तोंडांना कळलेलं बाराव्याला कळतं, आणि बारावा ऊहद्दू असतो. तिनं शिव्या खाल्ल्या, घागर भरली आणि ती गेली. मला नंतर हे कळलं तेव्हा मी आईला काही बोललो नाही, आमच्याही घरचा रिचार्ज त्यात होता.

बास्सूचं अंथरूण, त्याचा अंगात घालायचा पायघोळ जाड जेलाबा, नमाजाची चटई, चपला, सगळं तीस पावलं पलीकडं गेलं. न्यायला इत्तोच होती. बास्सू भिंतीला धरून चालला. दोनदा बसला.

"सव्वीस वर्षांनी सासरी चाललोय," तो म्हणाला.

"बोलू नकोस, दम जाईल."

स्वयंपाकाला ती रकूशच्या चुलीवर जायची. बिनमिठाची भाकर, उकडलेलं गाजर. जेवण झालं की आपल्या घरी यायची. स्वतःची चूल रोज एकदा मुद्दाम पेटवायची, कारण धूर नसलेलं घर लोकांना दिसतं. त्या चुलीपुढं एकटं बसायचं तिला भय वाटायचं. काही झालं तर तीस पावलं होती, पण तीस पावलं म्हणजे एक हाक, आणि त्याला हाक मारायला दम कुठं होता?

बास्सूची नोंद रकूशच्या घरात करा, असा अर्ज गेला. तपासणीला शहरातून साहेब आला. तरुण, सभ्य, बुटाला चिखल लागला म्हणून कातावलेला. हातात पाटीएवढा पडदा. बरोबर ऊहद्दू. रकूशच्या खोलीत साहेबानं अंथरुणं मोजली, चपला पाहिल्या. इत्तो चुलीपाशी होती. जळण आणून द्यायला आले, असं ती न विचारताच बोलून गेली आणि आपण हे का बोललो असं वाटून चूल फुंकायला वाकली.

"बास्सू, आपण इथं कधीपासून राहता?"

"या म्हातारीनं ठेवून घेतलंय," बास्सू म्हणाला.

"नातं?"

"माझ्या आईच्या मावशीचा पणतू तो," रकूश म्हणाली. आमच्याकडं शोधलं तर प्रत्येकाचं प्रत्येकाशी असं काहीतरी निघतंच.

"लग्न?"

बास्सूचा श्वास वर चढला. त्यानं इत्तोकडं पाहिलं नाही. "नाही झालं."

"कधीच?"

"कागद बघा की तुमच्याकडचा."

साहेबानं बोटानं पडदा सरकवला. तिथं लग्न नव्हतंच. तो इत्तोकडं वळला. "आणि तुमचं?"

"नाही," इत्तो म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. सव्वीस वर्षं एका शब्दात गेली, आणि वीज पडली नाही, छप्पर कोसळलं नाही. साहेबानं फक्त बोट टेकवलं.

मग त्यानं ऊहद्दूला विचारलं, "मुकादम, हे बरोबर आहे ना? खाली तुमची सही लागेल."

ऊहद्दूनं त्यांच्या लग्नातला मेंढा स्वतःच्या हातानं कापला होता. आतड्यांची वाटणी करताना त्याचं भांडणही झालं होतं, ते गाव अजून सांगतं. तो चुलीतल्या राखेकडं बघत राहिला. रकूशच्या कोंबड्यानं दारातून आत डोकं घातलं आणि साहेबानं त्याला हाकललं. इत्तोच्या हातातलं लाकूड ओलं झालं होतं, घामानं. ऊहद्दूनं नाही म्हटलं, तर बास्सूचा शेवटचा सोमवार होऊन गेलाय, इतकं तिला स्पष्ट दिसत होतं.

"मी काय सांगणार, साहेब?" ऊहद्दू म्हणाला. "आता तुमचं यंत्रच सगळं बघतं ना? जे दिसतंय ते लिहा." आणि त्यानं सही केली. बाहेर पडताना तो इत्तोच्या जवळून गेला, पण थांबला नाही.

बारा दिवसांनी कार्ड चालू झालं. त्या बारा दिवसांत हम्मादीनं दोनदा बास्सूला सरकारी दवाखान्याच्या तातडीच्या दारात टाकलं आणि छातीत पाणी चढल्याशिवाय त्यांनी यंत्राला घेतलं नाही. कार्ड आलं तोवर बाजारगावची त्याची जागा दुसऱ्याला गेली होती. नवी जागा मिळाली ती शहरात, घाट उतरून तीन तासांवर. तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. इत्तोला हे बरंच वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

थंडी सुरू झाली. घाटात बर्फ पडायला लागला. दर सोमवारी आणि गुरुवारी ती दोघं हम्मादीच्या गाडीत बसत, पण एका बाकावर नाही. बास्सू पुढं, इत्तो मागं बायांत. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं होतं. शहरात पोचल्यावर तो आत जायचा आणि ती फाटकाबाहेर भाकरीची पिशवी घेऊन भिंतीच्या आडोशाला बसायची. आतल्या टेबलावर एक पडदा होता, आणि तो तिला ओळखेल अशी भीती तिच्या मनातून कधी गेली नाही.

त्या गुरुवारी दुपारी आतून धावपळ ऐकू आली. एक परिचारिका दारात येऊन ओरडली, "बास्सूबरोबर कोण आहे? तिमलीतचा बास्सू?"

इत्तो उठली. भाकरीची पिशवी तिथंच टाकून ती आत गेली. बास्सू यंत्राच्या बाजूला आडवा होता, तोंड राखेच्या रंगाचं, डोळे अर्धे मिटलेले. दोघं जण त्याचे पाय वर उचलून धरत होते. त्याची एक चप्पल खाली पडली होती.

"दाब एकदम उतरलाय. आतल्या खोलीत नेतोय. फक्त घरातल्याच माणसाला सोबत येता येईल." परिचारिका टेबलापाशी गेली, पडदा तिच्याकडं वळलेला, बोटं कळांवर तयार. "इथं घरात रकूश म्हणून एकच नाव आहे. तुम्ही रकूश?"

"नाही."

"मग तुम्ही त्यांच्या कोण?"

हे विचारलं जाणार हे इत्तोला तीन महिने ठाऊक होतं. बायको म्हणायला जीभ उचललीही होती. पण परिचारिकेची बोटं कळांवर होती. बायको म्हटलं की ती बोटं खाली येणार, आणि कुठंतरी, दिसणार नाही अशा ठिकाणी, दोन घरांचं एक घर होणार, आणि आकडा चढणार. आज तो जगला तरी सोमवारी त्याला यंत्र नसणार. बास्सूला चाकाच्या पलंगावर घेत होते. त्याचा आजारानं काळा पडलेला हात कडेवरून लोंबत होता.

"शेजारीण," इत्तो म्हणाली.

"मग बाहेर थांबा."

दार लागलं. ती बाहेरच्या बाकावर बसली. पडलेली चप्पल तिनं उचलून आणली होती. ती मांडीवर घेऊन तिनं ओढणीच्या टोकानं पुसली, पुन्हा पुसली. आत काय चाललंय ते विचारायचा हक्क तिला नव्हता, आणि तो तिनंच सोडला होता. तिनं देवाला म्हटलं, याला ने किंवा ठेव, पण मी तिथं नसताना नेऊ नकोस. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात काटा कुठं आहे ते तिला कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं तीच परिचारिका बाहेर आली. हातमोजे काढत तिनं इकडं तिकडं पाहिलं.

"तिमलीतच्या बाई तुम्हीच ना? शुद्धीवर आलेत ते. धोका टळला."

इत्तोनं हातातली चप्पल पुढं केली.

"नीट बोलताही येत नाहीये अजून," परिचारिका म्हणाली, "आणि डोळे उघडल्यापासून एकच चाललंय. माझी शेजारीण जेवली का, विचारतायत."